तान्ह्या मुलांचे रोटाव्हायरसचे जुलाब: घरी काय करावे, दवाखान्यात केव्हा न्यावे

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी पाण्याच्या टाक्या धुतल्या जातात, विहिरींत ब्लीचिंग पावडर पडते, आशा कार्यकर्त्या घरोघरी ओआरएसची पाकिटे देतात. आणि दसरा-दिवाळी उलटली की जुलाबांचा विषय मागे पडतो. लहान मुलांना गंभीर जुलाब लावणारा एक प्रमुख विषाणू मात्र हे वेळापत्रक पाळत नाही. रोटाव्हायरसचे रुग्ण वर्षभर आढळत असले तरी आपल्याकडे त्यांची संख्या थंड आणि कोरड्या महिन्यांत, साधारणपणे डिसेंबर ते मार्च या काळात, वाढते. नेमक्या याच महिन्यांत बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहत असतात. आई पहाटेच तोडीला गेलेली असते, तान्हे मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर असते आणि गावाकडे लसीकरणाचे सत्र भरते त्या दिवशी ते मूल गावात नसते. पुढील सूचना लिहिताना शहरातल्या घराइतकीच ही कोपीदेखील डोळ्यांसमोर ठेवली आहे, आणि त्यांतील बहुतेक गोष्टींना वाटी, चमचा, स्वच्छ पाणी आणि ओआरएसचे पाकीट यांपलीकडे काही लागत नाही.

विषाणू नेमके काय करतो

रोटाव्हायरस लहान आतड्याच्या आतील अस्तरावर हल्ला करतो. अन्नातील पाणी, क्षार आणि साखर शोषून घेणाऱ्या बारीक अंकुरांच्या टोकांवरील पेशी तो नष्ट करतो, आणि त्याशिवाय त्याचे एक प्रथिन आतड्यातून उलट दिशेने पाणी व क्षार बाहेर सोडायला लावते. त्यामुळे प्यालेले पाणी पुरेसे शोषले जात नाही आणि शरीरातले पाणी बाहेर वाहू लागते. सहा-सात किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात पाण्याचा साठाच मर्यादित असतो. दिवसात दहा-पंधरा पातळ जुलाब आणि जोडीला उलट्या झाल्या तर काही तासांत ते बाळ धोक्याच्या पातळीला पोहोचू शकते. मृत्यू होतो तो या शोषामुळे, म्हणजे शरीरातले पाणी आटल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१३ या एका वर्षात रोटाव्हायरसमुळे जगभरात पाच वर्षांखालील सुमारे २,१५,००० मुले दगावली, आणि त्यांतील पाचव्या हिश्श्याहून अधिक मुले भारतातील होती.

या विषाणूवर औषध नाही. तो आपल्या मुदतीने, साधारण तीन ते आठ दिवसांत, शरीरातून ओसरतो आणि आतड्याच्या पेशी पुन्हा तयार होतात. म्हणजे घरच्यांचे आणि डॉक्टरांचे काम एकच उरते: तेवढे दिवस शरीरातून जितके पाणी व क्षार जातात तितके आत घालत राहणे. जुलाब लगेच बंद व्हावेत हा हट्ट सोडला की उपचारातल्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

पहिली पायरी: आजार ओळखणे

विषाणू पोटात गेल्यापासून साधारण दोन दिवसांत आजार सुरू होतो. पुष्कळदा सुरुवात उलट्यांनी होते, अंगात ताप येतो, आणि मग पाण्यासारखे पातळ जुलाब सुरू होतात. उलट्या बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत कमी होतात. जुलाब त्यानंतरही चालू राहतात. सहा महिने ते दोन वर्षे हे सर्वाधिक जोखमीचे वय असले, तरी आपल्याकडे त्याहून लहान बाळांनाही गंभीर आजार होतो. नेमका हाच काळ दात येण्याचा असल्याने ‘दात येताहेत, जुलाब होणारच’ असे म्हणून घरातील ज्येष्ठ मंडळी निश्चिंत राहतात. दात येण्यामुळे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत, हे त्यांना आदराने पण स्पष्टपणे सांगावे लागते.

अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाची शी मुळातच पातळ आणि वारंवार होणारी असते. तेवढ्यावरून घाबरू नये. नेहमीपेक्षा ती अचानक जास्त पाणीदार आणि जास्त वेळा होऊ लागली तर तो जुलाब समजावा. शौचात रक्त दिसले तर मात्र रोटाव्हायरसचा विचार बाजूला ठेवावा, कारण ती आव-रक्ताची हगवण असू शकते आणि तिला वेगळे उपचार लागतात. घरातील किंवा वस्तीतील मोठ्या माणसांनाही तांदळाच्या धुवणासारखे भरमसाट जुलाब होत असतील तर कॉलऱ्याची शंका घेऊन आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. ‘रोटाव्हायरसच आहे का’ हे ठरवण्यासाठी शौचाच्या तपासणीवर पैसे खर्च करण्याची सर्वसाधारणपणे गरज नसते. अहवाल काहीही आला तरी पाणी भरून काढण्याची पद्धत तीच राहते.

दुसरी पायरी: शरीरातले पाणी किती कमी झाले, ते पाहणे

ही तपासणी घरी करता येते आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा करावी लागते. सर्वप्रथम बाळाचे वागणे पाहावे. ते नेहमीसारखे खेळकर आहे, चिडचिडे व अस्वस्थ आहे, की मलूल पडून आहे? मग डोळे पाहावेत. ते खोल गेले आहेत का, हे बाळाला रोज पाहणाऱ्या आईला डॉक्टरांपेक्षाही आधी कळते. तिसरी गोष्ट तहान. चमचाभर पाणी पुढे केल्यावर बाळ सावकाश पिते, अधाशासारखे पिते, की त्याला पिताच येत नाही, हे नीट पाहावे. चौथी खूण त्वचेची. बेंबी आणि पोटाची कड यांच्या मधोमध त्वचेची घडी चिमटीत उभी धरून सोडावी. ती तत्काळ सपाट झाली तर ठीक; हळू बसली तर पाणी कमी झालेले आहे; दोन सेकंदांहून अधिक वेळ तशीच राहिली तर स्थिती गंभीर आहे. फार अशक्त, कुपोषित मुलांमध्ये ही घडी एरवीही हळू बसते आणि गुटगुटीत मुलांमध्ये ती फसवते, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

बाळ चिडचिडे असणे, डोळे खोल जाणे, अधाशीपणे पिणे, त्वचा हळू बसणे यांपैकी दोन खुणा दिसल्या तर पाणी काही प्रमाणात कमी झाले आहे. मलूल किंवा बेशुद्ध असणे, पिता न येणे, डोळे खोल जाणे आणि त्वचा फारच हळू बसणे यांपैकी दोन खुणा असतील तर तो तीव्र शोष आहे, आणि तेव्हा घरात एक मिनिटही घालवू नये.

टाळूविषयी थोडे सांगायला हवे. टाळू खोल गेली की ती तेलाने ‘भरण्याची’ पद्धत अनेक घरांत आहे. टाळू खोल जाणे हे आतले पाणी कमी झाल्याचे चिन्ह आहे. वरून लावलेले तेल आत जात नाही. जी आजी टाळू खोल गेल्याचे सर्वांत आधी ओळखते तिच्या नजरेवर विश्वास ठेवावा, आणि तेलाच्या वाटीऐवजी तिच्या हाती ओआरएसची वाटी द्यावी.

लघवीवर लक्ष ठेवण्यासाठी आजारपणात डायपर शक्यतो काढून सुती लंगोट किंवा दुपटे वापरावे, कारण डायपरमध्ये पातळ शी आणि लघवी यांतला फरक कळत नाही आणि ‘डायपर ओला आहे’ या समाधानात अर्धा दिवस निघून जातो. सहा ते आठ तास लघवी झाली नसेल, किंवा रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, तर बाळाला तपासून घ्यावे.

तिसरी पायरी: ओआरएस अचूक तयार करणे

आतड्याच्या पुष्कळ पेशी नष्ट झाल्या तरी मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेण्याची यंत्रणा पुरेशी टिकून राहते, आणि त्या जोडीबरोबर पाणीही आत ओढले जाते. ओआरएसचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून देण्याचे सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर पाजण्याचा निर्णय घेतला, आणि त्यांच्या उपचार केंद्रातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ते पाणी तिथे रुग्णांचे नातेवाईकच पाजत होते.

आज वापरात असलेले सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून शिफारस केलेले आहे. एक लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, म्हणजे एकूण २०.५ ग्रॅम पूड असते. विकत घेताना पाकिटावर हे सूत्र आणि ‘डब्ल्यूएचओ’ असा उल्लेख आहे का, ते पाहावे. सरकारी आरोग्य केंद्रांत आणि आशा कार्यकर्त्यांकडे ते मोफत मिळते.

तयार करताना प्रथम हात साबणाने धुवावेत. पाकीट किती पाण्याचे आहे ते वाचावे, कारण बाजारात एक लिटरची तशीच २०० मिलिलिटरची पाकिटेही मिळतात आणि दोन्हींची गल्लत फार होते. तांब्या-भांड्यांच्या अंदाजावर न जाता एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीने मोजावे. उकळून गार केलेले पाणी घ्यावे. ते शक्य नसेल तर मिळेल तेवढे स्वच्छ पिण्याचे पाणी घ्यावे, पण पाणी उकळण्याची वाट पाहत ओआरएस लांबवू नये. अख्खे पाकीट एकदम घालून पूर्ण विरघळू द्यावे. अर्धे पाकीट अर्ध्या लिटरमध्ये घालू नये, कारण पुडीत मीठ आणि ग्लुकोज सगळीकडे सारखे मिसळलेले असेलच असे नाही. त्यात वरून साखर, दूध, सरबत काहीही मिसळू नये आणि तयार पाणी पुन्हा उकळू नये. झाकून ठेवावे, २४ तासांनी उरलेले फेकून नवे करावे.

पाण्याचे प्रमाण हा बारकावा नाही. कमी पाण्यात दाट केलेल्या ओआरएसने रक्तातील मीठ धोकादायकरीत्या वाढू शकते, आणि जास्त पाण्यात पातळ केलेले ओआरएस कामाचे राहत नाही. पाकीट मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी देता येते. चमचा पाच मिलिलिटरचा असावा, आणि पाणी अश्रूंपेक्षा खारट लागत असेल तर ते टाकून द्यावे.

औषधांच्या दुकानांत रंगीत खोक्यांतून मिळणारी, फळांच्या चवीची तयार पेये हा स्वतंत्र घोटाळा आहे. त्यांतील अनेकांत साखर भरपूर आणि क्षार अपुरे असतात, आणि जास्त साखरेने आतड्यात उलट पाणी ओढले जाऊन जुलाब वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ हे शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही घेताना नाव न पाहता सूत्र पाहण्याची सवय ठेवावी. नुसते ग्लुकोजचे पाणी, थंड पेये, खोक्यातले फळांचे रस आणि चहा या आजारात देऊ नयेत.

चौथी पायरी: पाजणे

बाळात शोषाच्या खुणा नसतील तर प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन महिन्यांखालील बाळाला पाच चमचे, दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर आणि दोन वर्षांवरील मुलाला १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस द्यावे. दोन महिन्यांखालील बाळाला मात्र हे करतानाच डॉक्टरांकडे न्यावे. चहाचा लहान कप साधारण १०० मिलिलिटरचा असतो; तो एकदा मोजून ठेवला की रात्री अंदाज करावा लागत नाही.

पाणी काही प्रमाणात कमी झाले असेल तर प्रत्येक किलो वजनामागे ७५ मिलिलिटर याप्रमाणे ओआरएस चार तासांत पाजायचे असते, आणि हे शक्यतो आरोग्य केंद्रात देखरेखीखाली करावे. आठ किलोच्या बाळासाठी हे ६०० मिलिलिटर होते. आकडा ऐकून आई घाबरते. पण ताशी १५० मिलिलिटर म्हणजे दर दोन मिनिटांनी पाच मिलिलिटरचा एक चमचा, एवढाच त्याचा अर्थ आहे. हे काम कंटाळवाणे आहे, चार तास एकाच व्यक्तीने करण्यासारखे नाही, आणि म्हणूनच घरातील वडील, आजोबा, आत्या यांनी पाळी लावून ते करावे. चार तासांनी शोषाच्या खुणा पुन्हा पाहाव्यात.

वाटी-चमचा किंवा बोंडले वापरावे. बाटली टाळावी, कारण तिने बाळ एकदम खूप ओढते आणि उलटी होते, शिवाय बुचाच्या खाचांमध्ये जंतू राहतात. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग अधिक सावकाश, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असे पुन्हा सुरू करावे. ‘पोटात काही टिकतच नाही’ असे म्हणून पाजणे थांबवणे ही या आजारातील सर्वांत महागडी चूक आहे. उलटीतून गेले तरी काही भाग आत राहतोच. बाळ ओआरएस नाकारत असेल तर त्याचा एक अर्थ असाही असू शकतो की त्याला त्याची गरज नाही. पाणी कमी झालेले मूल ती खारट चव सहसा नाकारत नाही.

पाचवी पायरी: दूध, जेवण आणि झिंक

अंगावरचे दूध कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. उलट अधिक वेळा पाजावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध पिणाऱ्या बाळाला ते दूध आणि ओआरएस, एवढेच पुरते. वरचे खाणाऱ्या मुलाचे पोट ‘रिकामे ठेवून विश्रांती देण्याची’ प्रथा मोडायला हवी, कारण आतड्याच्या पेशी पुन्हा वाढण्यासाठी अन्नच लागते आणि उपाशी राहिलेले मूल या आजारातून कुपोषणाकडे सरकते. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वरण-भात, भाताची पेज, दही, ताजे ताक, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा असे नेहमीचे, मऊ अन्न थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. खिचडीत चमचाभर तेल किंवा तूप घालायला हरकत नाही. शहाळ्याचे पाणी, पेज आणि ताक हे ओआरएसच्या जोडीला चालतात, त्याची जागा घेत नाहीत.

झिंक हा उपचाराचा दुसरा आधार आहे आणि तोच सर्वाधिक वेळा अर्धवट सुटतो. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, असे सलग १४ दिवस द्यायचे असते. २० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी मिळते. लहान बाळासाठी अर्धी गोळी चमच्यात काढलेल्या आईच्या दुधात, मोठ्यासाठी अख्खी गोळी स्वच्छ पाण्यात विरघळवून द्यावी. जुलाब चौथ्या-पाचव्या दिवशी थांबले की अनेक घरांत गोळ्याही थांबवल्या जातात; ही चूक आहे. उरलेल्या दिवसांच्या गोळ्यांनीच पुढच्या दोन-तीन महिन्यांतील जुलाबांचा धोका कमी होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करावी.

काय देऊ नये

प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, उलट त्यांनी जुलाब वाढू शकतात. ती रक्ताची हगवण, कॉलरा किंवा अन्य संसर्ग असल्यास डॉक्टरांनी ठरवून द्यायची असतात. आतड्याची हालचाल रोखणारे लोपेरामाइडसारखे औषध लहान मुलांना कदापि देऊ नये. त्याने शी बाहेर येणे थांबते, आत पाणी साठतच राहते, पोट फुगते आणि जिवावर बेतू शकते. मोठ्या माणसांसाठी आणलेली गोळी चतकोर करून देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. उलटीवरचे औषध काही वेळा एका मात्रेपुरते उपयोगी पडते, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरेसे असते.

बाळगुटीत जायफळ उगाळून जास्त देण्याने बाळ झोपाळू होऊ शकते, आणि मग गुटीची झोप कोणती व शोषाचा मलूलपणा कोणता, हे कोणालाच ओळखता येत नाही. आजाराच्या दिवसांत गुटी बंद ठेवावी. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापवलेल्या लोखंडाने चटके देण्याची, ‘डंभा’ म्हणून ओळखली जाणारी प्रथा अजून पूर्ण संपलेली नाही. त्याने आजार तिळभर कमी होत नाही. भाजल्याच्या जखमा, जंतुसंसर्ग आणि हरवलेले काही मोलाचे तास एवढेच पदरी पडते.

सहावी पायरी: दवाखाना केव्हा, आणि तिथे काय होते

बाळ मलूल आहे, त्याला पिता येत नाही, प्यालेले सगळेच उलटून पडते, झटके आले, शौचात रक्त आहे, पोट फुगले आहे, उलटी हिरवी आहे, ताप उतरत नाही, लघवी होत नाही, यांपैकी काहीही असल्यास लगेच निघावे. दोन महिन्यांखालील बाळ, तीव्र कुपोषित मूल आणि पायांवर सूज असलेले मूल यांच्या बाबतीत खुणांची वाट पाहू नये. तीव्र कुपोषित मुलाला ओआरएस देण्याची पद्धतही वेगळी असते. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बाळ शुद्धीत असेल तर वाटेत दर मिनिट-दोन मिनिटांनी ओआरएसचा चमचा चालू ठेवावा. माता-बाल संरक्षण कार्ड, दिलेल्या औषधांची पाकिटे, आणि शेवटची लघवी केव्हा झाली व किती जुलाब-उलट्या झाल्या याची टिपणी बरोबर असावी.

तीव्र शोषात डॉक्टर शिरेतून रिंगर लॅक्टेट हे सलाईन देतात. प्रमाण किलोमागे १०० मिलिलिटर, एक वर्षाखालील बाळाला सहा तासांत आणि त्यावरील मुलाला तीन तासांत. शीर सापडत नसेल किंवा सलाईन उपलब्ध नसेल तर नाकातून पोटात घातलेल्या नळीने ओआरएस देता येते, आणि हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. उलट बाजूने, बाळ पीत असताना ‘सलाईन लावाच’ असा आग्रह धरू नये. सलाईन लावले म्हणजे खरा उपचार झाला, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे आणि काही दवाखाने ती आनंदाने जोपासतात. पिऊ शकणाऱ्या बाळाला तोंडाने दिलेले ओआरएस तितकेच गुणकारी असते, आणि सुईच्या वेदना व संसर्गाची जोखीम टळते.

घरातील इतर मुलांना वाचवणे

आजारी बाळाच्या एक ग्रॅम शौचात अब्जावधी विषाणू असू शकतात, आणि नव्या बाळाला आजारी पाडायला शंभराहूनही कमी पुरतात. बाळ बरे झाल्यावरही काही दिवस ते शौचातून बाहेर पडत राहतात. खेळणी, दाराच्या कड्या, पाळण्याचा कठडा यांवर विषाणू बराच काळ तग धरतो. शी धुतल्यावर, लंगोट बदलल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि बाळाला भरवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कोपीतल्या मोठ्या बहिणीलाही हे शिकवावे, कारण दिवसभर बाळ तिच्याकडे असते. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते हा गैरसमज सोडून ती शौचालयात टाकावी किंवा पुरावी. मळलेले कपडे वेगळे धुऊन कडक उन्हात वाळवावेत. डाग पडलेल्या जागा प्रथम धुवाव्यात आणि मग ब्लीचच्या द्रावणाने पुसाव्यात.

एवढे करूनही रोटाव्हायरस पूर्ण रोखता येत नाही. घरोघरी शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची उत्तम व्यवस्था असलेल्या श्रीमंत देशांतही, लस येण्यापूर्वी, जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत हा संसर्ग होऊन जात असे. फरक इतकाच, की तिथले मूल वेळेवर रुग्णालयात पोहोचत असे.

लस: केव्हा, किती आणि राहून गेल्यास काय

भारतात तयार झालेल्या दोन लसी राष्ट्रीय कार्यक्रमात वापरल्या जातात. हैदराबादच्या भारत बायोटेकची रोटाव्हॅक ही दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकांत सापडलेल्या विषाणूच्या प्रकारापासून बनली. त्या बाळांना संसर्ग होऊनही आजार झाला नव्हता, हे डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरले. तिची अखेरच्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे सुमारे ६,८०० बालकांवर झाली. दुसरी लस, रोटासिल, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे. २०१६ मध्ये चार राज्यांत सुरू झालेला कार्यक्रम २०१९ मध्ये महाराष्ट्रात आला.

लस तोंडावाटे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयाला, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरील एकत्रित लस) आणि पोलिओच्या डोसांबरोबर मोफत दिली जाते. चाचणीत रोटाव्हॅकने पहिल्या वर्षातील तीव्र आजार साधारण निम्म्याहून थोडा जास्त टाळला. श्रीमंत देशांत दिसणाऱ्या परिणामापेक्षा हे कमी आहे, आणि म्हणून ‘लस दिली होती, तरी जुलाब झाले’ ही तक्रार खोटी नसते. पण आजार जिथे इतका व्यापक आहे तिथे निम्मे तीव्र रुग्ण टळणे म्हणजे हजारो खाटा आणि हजारो जीव. शिवाय ही लस इतर जंतूंमुळे होणाऱ्या जुलाबांवर चालत नाही, त्यामुळे ओआरएसचे पाकीट लस झालेल्या घरातही असावे.

लसीनंतर पहिल्या आठवड्यात बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळत असेल, पोट फुगले असेल, उलट्या होत असतील किंवा जेलीसारखे रक्तमिश्रित शौच झाले असेल तर आतड्यात आतडे अडकल्याची शंका घेऊन तातडीने रुग्णालयात न्यावे. हा प्रकार अतिशय विरळ आहे आणि लसीविनाही घडतो. पूर्वी असे घडून गेलेल्या किंवा जन्मजात रोगप्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण असलेल्या बाळाला ही लस देत नाहीत. मध्यम किंवा तीव्र जुलाब चालू असतील तर ती बरे होईपर्यंत पुढे ढकलतात.

सरकारी कार्यक्रमात पहिला डोस बाळ एक वर्षाचे होण्यापूर्वी मिळावा लागतो. तो वेळेत मिळाला असेल तर राहिलेले डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने पुरे करता येतात. स्थलांतरित कुटुंबाने त्यासाठी गावी परतण्याची वाट पाहू नये. कारखान्याजवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कार्ड दाखवले की डोस तिथेच मिळतो, कार्ड हरवले असले तरी परत पाठवले जाऊ नये, आणि ऑक्टोबरमध्ये गाव सोडण्यापूर्वी अंगणवाडी किंवा आशा कार्यकर्तीकडून पुढच्या डोसांच्या तारखा लिहून घ्याव्यात. रोटाव्हायरसचा आजार होऊन गेलेल्या बाळालाही उरलेले डोस द्यावेत, कारण या विषाणूचे प्रकार अनेक आहेत आणि एकदा झालेला संसर्ग पुढच्या संसर्गापासून पूर्ण संरक्षण देत नाही. आजारानंतरचे दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जादा द्यावे, अंगणवाडीत वजन करून कार्डावर नोंदवावे, आणि जुलाब चौदा दिवसांहून अधिक लांबले किंवा वजन खाली राहिले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.